डरवुड म्हणतो, मी उजवीकडे जाते

ज्याचे दुधाचे दात मी पडताना पाहिले, ज्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती तेव्हा ज्याच्या गालाला मी गाल लावला, तो डरवुड स्टिकली आज अकरा वर्षं चारचौघांत सांगत फिरतो, की मी उजवीकडे जाते. परक्यानं म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. हा घरचा. आणि म्हणतो तेही एकदा नाही. महिन्यातून एकदा, शेडच्या दारात, हातात कॉफीचा मग घेऊन, प्रत्येक नव्या माणसाला. "ही? ही नका घेऊ. चांगली होती एके काळी. आता उजवीकडे मारते."

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. छोट्या गोळीची, लाकडी दस्त्याची, साधीच. माझ्या नळीवर कारखान्याचं नाव आणि काडतुसाचं माप कोरलेलं आहे, तेवढीच माझी अक्षरओळख. शाळा पाहिली नाही. पण अपमान कळायला शाळा लागत नाही.

माझा जन्म न्यू इंग्लंडमधला, एका नदीकाठच्या कारखान्यातला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्याला तळहातानं तेल चोळणारी एक बाई होती. एक हात झाला की वाळायला ठेवायची, वाळलं की पुन्हा चोळायची. असे तिनं पाच हात दिले. मग दुसरी एक चष्मेवाली बाई आली. तिनं मला खिडकीकडे धरून नळीतून उजेड पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "सरळ." तो माझा पहिला दाखला. त्यानंतर आजपर्यंत मला कुणी दुसरा दिला नाही, आणि मला गरजही वाटली नव्हती.

तिथून मी ओहायोच्या डोंगराळ भागात आले. हार्डवेअरच्या दुकानात आम्ही पाचजणी भिंतीला टेकून उभ्या होतो. ओपल स्टिकली आत आली, एकेकीला उचलून खांद्याला लावत गेली, आणि चौथीवर थांबली. चौथी मी. दुकानदार म्हणाला, "बाई, पाचवी नवीन आहे." ओपल म्हणाली, "पाचवी मला बघत नाहीये."

ओपलच्या घेवड्याच्या वाफ्यात जमिनीखालून घुशीसारखी जाडजूड जनावरं यायची आणि एका रात्रीत अर्धी ओळ साफ करायची. ओपल मागच्या पायरीवर बसायची, कोपर गुडघ्यावर, मी तिच्या तळहातावर. ती श्वास सोडायची, आणि श्वास संपता संपता चाप ओढायची. पुढचं तुम्ही समजून घ्या. खोऱ्यात लोक म्हणायचे, ओपल स्टिकलीचा नेम चुकत नाही. माझं नाव कुणी घेत नव्हतं. चालायचंच. तव्याचं नाव कोण घेतं? पण तेव्हा माझ्या नळीतून दर रविवारी तेलाचं फडकं फिरायचं, आणि मी दाराच्या वर दोन खुंट्यांवर उताणी पडून सगळं घर बघायची.

तिचा लेक डरवुड सात वर्षांचा झाला तेव्हा ओपलनं त्याला अंगणात ताडपत्रीवर पालथं झोपवलं आणि मला त्याच्या हातात दिलं. समोर कुंपणावर डबे मांडले. पोरगं जीव तोडून नेम धरायचं. इतका जोर लावायचं की त्याचे कान लाल व्हायचे. डबा जागचा हलायचा नाही. मग ओपल त्याच्या हातातून मला घ्यायची, उभ्या उभ्या तीन डबे उडवायची, आणि मला परत त्याच्या हातात द्यायची. "बंदूक तीच आहे, डरवुड." एवढंच म्हणायची. ओरडायची नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

डरवुड मोठा झाला, ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागला, त्याचे हात माझ्यासारखे तेलकट झाले. बारा वर्षांपूर्वी ओपल गेली. मी त्याच्याकडे आले. पुढच्या एप्रिलमध्ये तो मला घेऊन पहिल्यांदा मैदानावर गेला.

हे मैदान म्हणजे मक्याच्या शेतामागची एक सपाट पट्टी. एका टोकाला मातीचा उंच बांध, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड. महिन्यातला एक शनिवार-रविवार तिथे माणसं जमतात. शिकवणारे सगळे हौशी. कुणाला पगार नाही. सगळ्यांवर मेव्हिस एबर्लीची सत्ता. मेव्हिस एरवी शाळेची बस चालवते. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो, आणि मैदानावर पार बांधापर्यंत. दोनच गोष्टी शिकवतात: जमिनीवर झोपून पंचवीस वारांवरचा कागद कसा भेदायचा, आणि १७७५ सालच्या १९ एप्रिलला मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांनी इंग्लंडच्या राजाच्या सैन्यापुढे उभं राहायचं कसं ठरवलं. सकाळी नेम, दुपारी जेवताना गोष्ट, परत नेम. शेवटी परीक्षा. अडीचशेपैकी दोनशे दहा गुण मिळाले की कापडी बिल्ला मिळतो. हातभर सुद्धा नाही, बोटभर. पण त्या बोटभर कापडासाठी मी मोठमोठ्या माणसांना रडताना पाहिलं आहे.

डरवुडनं माझ्या जोरावर परीक्षा दिली. दोनशे चार.

सगळे बघत होते. डरवुड उठला, गुडघे झटकले, आणि म्हणाला, "बंदूक उजवीकडे जाते."

झालं. कुणी विचारलं नाही, कुणी तपासलं नाही. ओपलच्या लेकाचा नेम चुकणार कसा? त्या दिवसापासून डरवुड पुन्हा परीक्षेला बसला नाही. नेम शिकवायला बिल्ला लागतो. बंदुका पुसायला आणि गोष्ट सांगायला लागत नाही. त्यानं ती दोन कामं घेतली. ज्यांच्याकडे स्वतःची बंदूक नसते त्यांना द्यायला चार बंदुका शेडमध्ये असतात. तीन दरवेळी बाहेर जायच्या. चौथी मी. तीन पुसल्या जायच्या. माझ्यापर्यंत येईस्तोवर फडकं कोरडं झालेलं असायचं.

तेही मी सोसलं असतं, मित्रांनो. पण या एप्रिलच्या शनिवारी डरवुड ट्रकमधून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला, आणि त्यातून त्यानं दिव्याची टोपी काढली. पिवळसर कापडाची, त्यावर उडती बदकं.

"हे काय?" मेव्हिसनं विचारलं.

"आईच्या बंदुकीचा दिवा करतोय. उभा दिवा. नळीत शिसं ओतायचं, बाजूनं वायर न्यायची, वर बल्ब. उद्या संध्याकाळी घरी नेली की कामाला लागतो. कोपऱ्यात शोभेल. आईची आठवण."

"बदकं?"

"बदकांचीच होती दुकानात."

माझ्या डोक्यावर बदकं! पण खरं सांगते, मला बदकांचं एवढं वाटलं नाही. नळीत शिसं ओतलं की पुन्हा कुणी माझ्यातून उजेड बघू शकणार नव्हतं. मी सरळ होते की वाकडी, हे कायमचं बंद. दिव्याचा नेम कोण तपासतो? मला वाटतं, डरवुडलाही हेच हवं होतं. त्याला स्वतःला ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मेव्हिसनं लोकांना रांगेत चटया अंथरायला लावल्या तेव्हा एक बाई उशिरा आली. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, काखेत वही. लुएला ट्रेंट. जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं लोकांच्या जबान्या टिपून घेतल्या, आता निवृत्त.

"माझ्याकडे बंदूक नाही," ती डरवुडला म्हणाली. "मला खरं तर नुसतं एवढंच जाणून घ्यायचंय, की १७७५च्या त्या दिवशी पहिली गोळी कुणी झाडली. पण फोनवर त्या बसवाल्या बाई म्हणाल्या, गोष्ट ऐकायची तर आधी चिखलात झोपा."

"एकच उरलीय, बाई. पण ती उजवीकडे जाते."

"केव्हापासून?"

डरवुडचा मग ओठांपाशी थांबला. अकरा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"केव्हापासून म्हणजे... जुनी आहे हो ती."

"जुनी तर मीही आहे. मी कुठे उजवीकडे जाते?"

तिनं मला उचललं. तिला उचलता येत नव्हतं, एखादं ओलं मांजर धरावं तसं धरलं होतं. पण तिनं माझ्या नळीवरची अक्षरं वाचली. मोठ्यानं, सावकाश, शेवटच्या आकड्यापर्यंत. मला एकदम लाजल्यासारखं झालं.

मैदानावर आमची शिस्त कडक. आमच्या तोंडात पिवळी पट्टी खुपसलेली असते, म्हणजे आत काडतूस नाही हे सगळ्यांना दिसावं. माणसं पुढे कागदाकडे गेली असताना कुणी आम्हाला बोटही लावायचं नाही. मेव्हिस ओरडल्याशिवाय चापाजवळ बोट न्यायचं नाही. मला हे फार आवडतं. मी काय करू शकते हे मला ठाऊक आहे, आणि ते विसरणारा माणूस मला नको असतो.

पहिला कागद लाल डगलेवाल्या आकृत्यांचा, म्हणजे राजाच्या शिपायांचा. चार आकृत्या, एकापेक्षा एक लहान, प्रत्येकीवर तीन गोळ्या, आणि तळाच्या चौकोनावर एक. तेरा. लुएलानं दहा झाडल्या, काडतुसांचं मॅगझिन बदललं, परत झोपली आणि उरलेल्या तीन झाडल्या. मैदान मोकळं झालं, सगळे कागद बघायला गेले, आणि तिकडून तिच्या उजवीकडच्या हार्लनचा आवाज आला. हार्लन मधमाश्या पाळतो, त्याच्या दाढीत नेहमी मेण असतं.

"मी तेराच झाडल्या, देवाशपथ! माझ्या कागदावर सोळा भोकं आहेत!"

"पोरं झाली असतील तुझ्या भोकांना," मेव्हिस म्हणाली.

डरवुड धावत आला. "बघा! म्हटलं नव्हतं? उजवीकडे! यांच्या तीन तिकडे गेल्या!"

"सहा फूट, डरवुड?" मेव्हिसनं कमरेवर हात ठेवले. "दोन कागदांत सहा फुटांचं अंतर आहे. पंचवीस वारांत सहा फूट उजवीकडे? ती बंदूक आहे की लाथ मारणारं खेचर?"

हार्लनच्या लाल डगलेवाल्याच्या छातीत तीन भोकं शेजारी शेजारी होती. लुएलानं त्यांच्यावर अंगठा ठेवला. तिन्ही झाकली गेली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मॅगझिन बदलून परत झोपले, मान वर केली, आणि समोर दिसला तो कागद माझा समजले. नेम इथेच धरला होता मी. छातीच्या मध्यावर. आणि लागल्यात मध्यावर."

"ही चूक इथे प्रत्येकानं केलीय," मेव्हिस म्हणाली. "मी पहिल्या दिवशी दोन कागद सोडून तिसऱ्याला मारलं होतं. तो माणूस बिल्ला घेऊन गेला."

 डरवुड म्हणाला, "तुमचा नेम थोडा डावीकडे असणार, बाई. म्हणून मध्यावर लागल्या."

 लुएलानं वही उघडली आणि काहीतरी टिपलं.

दुपारी सगळे शेडमध्ये बाकांवर बसले. बटाट्याचं सॅलड, काकडीचं लोणचं, थंडगार सँडविच. मेव्हिसनं आम्हाला पिवळ्या पट्ट्यांसकट भिंतीला उभं केलं. डरवुड समोर येऊन उभा राहिला, आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे: गोष्ट सांगावी तर डरवुडनं. तोंड उघडलं की तो ट्रॅक्टरवाला राहत नाही.

लेक्सिंग्टनचं हिरवं मैदान, पहाटेची थंडी. राजाचे शिपाई कॉनकॉर्डला साठवलेला दारूगोळा जप्त करायला निघालेले. वाटेत सत्तर-एक शेतकरी उभे. कुणी सुतार, कुणी गवळी, कुणाचा मुलगा शेजारी. अधिकारी ओरडला, पांगा! शेतकरी पांगायलाही लागले होते. आणि तेवढ्यात एक गोळी सुटली.

"कुणाची?" लुएलानं घास हातात धरून विचारलं.

"कुणालाच माहीत नाही, बाई. अडीचशे वर्षं होत आली. शिपाई म्हणाले शेतकऱ्यांची, शेतकरी म्हणाले शिपायांची. आठ शेतकरी मेले." डरवुडनं टोपी काढली, तो नेहमी काढतो. "पण मला त्या लोकांचं एक आवडतं. थोड्याच दिवसांत त्यांनी साक्षी गोळा केल्या. मी असा उभा होतो, मला हे दिसलं, हे ऐकू आलं. शपथ घेऊन. खाली सही करून. नुसतं 'लोक म्हणतात' नाही. ज्यानं पाहिलं त्यानं स्वतःचं नाव घातलं."

मी दरवेळी इथे विचार करत बसते. ती गोळी जिच्या नळीतून निघाली तिला ठाऊक होतं. ती कुठे असेल? तिलाही कुणीतरी तेल चोळलं असेल, कुणीतरी उजेडाकडे धरून पाहिलं असेल. सगळ्यांच्या साक्षी झाल्या, तिची कुणी घेतली नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?

"छान सांगता हो तुम्ही," लुएला म्हणाली, आणि वहीचं पान उलटलं. "आता मला सांगा, या बंदुकीबद्दल साक्ष कुणाकुणाची आहे?"

"कोणत्या?"

"माझ्या. मेव्हिसबाई, ती उजवीकडे जाते हे तुम्ही पाहिलंय?"

"मी?" मेव्हिस चावायची थांबली. "मी तिला कधी हातच लावला नाही. डरवुड म्हणाला."

"हार्लन?"

"डरवुड म्हणाला."

आणखी दोघांना विचारलं. डरवुड म्हणाला, डरवुड म्हणाला. हार्लन हसायला लागला, त्याच्या दाढीतून काकडीचा तुकडा पडला. लुएला हसली नाही. एकतीस वर्षं कोर्टात काढलेली बाई, तिला हे हसण्यासारखं वाटलंच नाही. तिनं वही डरवुडपुढे सरकवली, पेन वर ठेवलं.

"मी लिहिलंय: ही बंदूक उजवीकडे जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली तुमचं नाव घाला. मग मी आजच्या दिवस कुणाची तरी मागून घेते, आणि तुम्ही खुशाल दिवा करा."

डरवुडनं पेन उचललं. इतके दिवस तो हेच वाक्य कॉफी पिता पिता सहज बोलून जायचा. पेनचं टोक कागदाला टेकलं, आणि तिथेच राहिलं. आत्ताच तो टोपी काढून बोलला होता. ती टोपी अजून त्याच्या दुसऱ्या हातात होती.

"उद्या," तो म्हणाला, आणि पेन ठेवून बाहेर गेला.

त्या दुपारी मेव्हिसनं सगळ्यांना आमच्या मैदानाची मुख्य विद्या शिकवली. ती दर महिन्याला शिकवते. "नेम धरा. डोळे मिटा. एक श्वास घ्या, सोडा, अंग ढिलं करा. आता डोळे उघडा. नेम सरकला? मग तुमचं अंग तिकडेच बघतंय. हातानं बंदूक ओढून आणू नका! हात थकतो आणि गोळी परत तिकडेच जाते. डाव्या कोपरावर खिळा मारलाय असं समजा आणि कंबर सरकवा. बंदूक जागची हलवायची नाही, स्वतः हलायचं." लुएलानं ते सगळं लिहून घेतलं. मग झोपली, डोळे मिटले, उघडले, कंबर सरकवली. परत मिटले. रविवारी दुपारी परीक्षेत तिला एकशे अडुसष्ट मिळाले. बिल्ल्याला बरेच कमी. पण कागदावर वर-खाली पसरलेल्या त्या भोकांत उजवीकडे झुकलेलं काही नव्हतं. ती एवढी खूश झाली की तिनं मला थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं.

लोक चटया गुंडाळायला लागले. डरवुड शेडमधून निघाला, मेव्हिससमोर येऊन उभा राहिला.

"एक जागा आहे का?"

मेव्हिसच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, मला दिसलं. तिनं ते गिळलं. "सातवी रिकामी आहे."

"दहा गोळ्या. आईच्या बंदुकीनं. उजवीकडे गेली तर मी त्या वहीत सही करतो आणि दिवा होतो. नाही गेली तर..." 

तो झोपला. गाल माझ्या दस्त्यावर आला. आता तो गाल खरबरीत होता, पण जागा तीच. आणि त्याच क्षणी मला कळलं, काहीच बदललेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या ताडपत्रीवरचं पोरगं तसंच पडलं होतं, सगळं अंग आवळून, कान लाल करून. त्याचं अंग उजवीकडे बघत होतं आणि हात मला डावीकडे रेटत होता. मी काय करणार? मी वळू शकत नाही. जिथे त्याचं अंग मला ठेवतं तिथेच मला बघावं लागतं.

पहिल्या पाच गोळ्या गेल्या. मेव्हिसनं दुर्बिणीतून पाहिलं. पाचही काळ्या ठिपक्याच्या उजवीकडे, अंगठाभर.

"बघितलंत?" डरवुड म्हणाला. पण हळू. जिंकलेला माणूस असं बोलत नाही.

मला वाटलं, संपलं. बदकं.

"डोळे मीट, डरवुड," मेव्हिस म्हणाली.

"मला शिकवतेस? अकरा वर्षं ऐकतोय मी हे."

"ऐकतोयस खरं. केलंयस कधी?"

लोक आता गोळा झाले होते.  डरवुडनं डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला. हाताचा जोर गेला आणि मी आपोआप सरकले, जिकडे तो मला खरं ठेवत होता तिकडे. त्यानं डोळे उघडले. माझ्या नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी काळ्या ठिपक्याच्या उजवीकडे उभी होती. कुणी ओढलं नव्हतं, ढकललं नव्हतं. तिथेच, जिथे त्या पाच गोळ्या होत्या.

त्याला ते दिसलं. मी त्याच्या गालाशी होते, मला माहीत आहे.

 कंबर सरकवायची म्हणजे वीतभर हलायचं. पण ते सगळ्यांसमोर हलायचं होतं. ती वीतभर जागा म्हणजे अकरा वर्षं होती, आणि त्याच्याही मागचं अंगण होतं. मी त्याच्यासाठी काही करू शकत नव्हते. ओपलही करू शकली नसती.

डरवुडनं डावं कोपर रोवलं आणि कंबर सरकवली.

परत डोळे मिटले, उघडले. माशी ठिपक्यावर होती. त्याचा हात माझ्याखाली असा पडला, जसा दमून आलेल्या माणसाचा हात टेबलावर पडतो. असा तो हात मला आयुष्यात कधी लागला नव्हता. पाच गोळ्या, पाच श्वासांच्या शेवटी.

मेव्हिसनं दुर्बीण बाजूला ठेवली आणि सगळ्यांना कागदाकडे जाऊ दिलं. पाच भोकं उजवीकडे एका घोळक्यात. पाच मध्यावर, लुएलाच्या अंगठ्याखाली मावतील अशी. लुएलानं अंगठा ठेवलाही.

डरवुड टोपी हातात घेऊन उभा होता. "लिहा, बाई."

"सांगा."

"ही बंदूक सरळ आहे. गेली अकरा वर्षं मी खोटं बोललो. सुरुवातीला मला खरंच तसं वाटलं होतं, आणि नंतर मी तपासलं नाही. तेही लिहा."

लुएलानं लिहिलं, कोर्टातल्या आवाजात वाचून दाखवलं, आणि डरवुडनं खाली पूर्ण नाव घातलं.

"मग ती बदकांची टोपी मला दे," हार्लन म्हणाला. "बायकोच्या दिव्याला बसेल."

सगळे गेले. आता डरवुड शेडच्या दारात स्टुलावर बसला आहे, मी त्याच्या मांडीवर आडवी, आणि माझ्या नळीतून तेलाचं फडकं फिरतं आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल जिला सगळे बिघडलेली म्हणतात. शिलाईचं यंत्र असेल, सायकल असेल, घड्याळ असेल. तिला टाकून देण्याआधी दोन प्रश्न विचारा. केव्हापासून? आणि तेव्हा तिच्यामागे कोण होतं? मग तिला तेल घाला. आम्ही जास्त काही मागत नाही.

डरवुडनं मला आकाशाकडे धरलं, नळीतून पाहिलं, आणि स्वतःशीच म्हणाला, "आईचा नेम मात्र कधी चुकला नाही."

मित्रांनो, तुम्ही जरा थांबा. आता मला त्याच्याशी बोलायचं आहे.

डरवुड, इकडे बघ. तू चार वर्षांचा होतास, घरात झोपला होतास, म्हणून तुला माहीत नाही. ओपलनं मागच्या पायरीवरून नेम धरला आणि गोळी शेजारच्या शेतात गेली. त्यांच्या दुधाच्या कॅनला भोक पडलं आणि सगळं दूध मातीत गेलं. शेजारी भांडायला आला तेव्हा तुझी आई त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, बंदूक बिघडलीय. आणि मला दाराच्या वर टांगून आत गेली. मी तिचं कधी वाईट ऐकून घेतलं नाही आणि आजही घेणार नाही. पण ती मरेपर्यंत खरं बोलली नाही, मला एकटीलासुद्धा नाही. नेमात तू तिच्या जवळपासही नाहीस, डरवुड. पण आज तू तिच्यापेक्षा सरळ निघालास.